करवंद की सुकं खोबरं: किआंती क्लासिको आणि रिओहा शेजारी ठेवून कशा चाखाव्यात

वाईनबद्दल मराठीत बोलायला शब्द नाहीत, असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग एका रविवारी घरी दोन बाटल्या उघडल्या होत्या, एक इटलीची किआंती क्लासिको आणि एक स्पेनची रिओहा. मावशी आली होती. तिने आयुष्यात वाईन घेतली नव्हती. माझ्या आग्रहाखातर तिने दोन्ही पेल्यांतला एकेक लहान घोट घेतला. पहिल्या घोटानंतर तिने जीभ टाळूला घासून पाहिली आणि म्हणाली, "आंबट आहे, आणि मागून तुरट. आवळ्यासारखं नाही, करवंदासारखं." दुसऱ्या घोटानंतर थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ह्याला सुक्या खोबऱ्याचा वास येतोय. आणि हे तेवढं आंबट नाही."

या दोन शैलींमधला मुख्य फरक तिने दोन वाक्यांत सांगितला होता. तेव्हापासून नव्याने वाईन शिकणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: स्ट्रॉबेरी, ब्लॅकबेरी, सिडार असले उधारीचे शब्द बाजूला ठेवा. आंबट आणि तुरट हे दोन शब्द आपल्याला लहानपणापासून येतात. आवळा, जांभूळ, सुपारी, कच्चं केळं खाऊन तुरट म्हणजे काय हे आपल्या जिभेला पक्कं ठाऊक असतं. आपल्याकडच्या सहा रसांमध्ये त्याला स्वतःची जागा आहे. रेड वाईन समजून घ्यायला याहून चांगली शिदोरी नाही.

हा लेख त्याच शिदोरीवर आहे. दोन बाटल्या, चार मित्रमैत्रिणी आणि एक संध्याकाळ एवढं जमवा.

मीडियम बॉडी म्हणजे काय

दुकानात किंवा लेबलच्या मागे "मीडियम बॉडी" असं वाचायला मिळतं. बॉडी म्हणजे वाईनचं तोंडात जाणवणारं वजन. ताक, गाईचं दूध आणि म्हशीचं सायीसकट दूध असे तीन घोट आठवून पाहा. चव बाजूला ठेवली तरी तिघांचा भार वेगळा लागतो. मीडियम बॉडीची वाईन म्हणजे यातलं गाईचं दूध. हे वजन मुख्यतः अल्कोहोल, तुरटपणा आणि द्राक्षाच्या सालीतून उतरलेला ऐवज यांतून येतं.

पण सारख्या वजनाच्या दोन वाईन सारख्या लागतात असं मुळीच नाही, आणि नवख्या माणसाची गडबड इथेच होते. "मला मीडियम बॉडी आवडते" असं तो ठरवतो, पुढच्या वेळी तसंच लिहिलेली दुसरी बाटली आणतो आणि हिरमुसतो. किआंती क्लासिको आणि रिओहा यांची जोडी शिकायला इतकी उपयोगी पडते ती म्हणूनच. वजन साधारण एक, पण एक वाईन आंबटपणाच्या कण्यावर उभी असते आणि दुसरी लाकडी पिंपातल्या मुरण्यावर.

बाटली उघडण्याआधी तीन कप

हा सराव वगळू नका. त्याला वाईन लागतच नाही.

पहिल्या कपासाठी दोन चमचे चहापत्ती कपभर पाण्यात पाच मिनिटं उकळा, गाळा आणि गार होऊ द्या. दूध नको, साखर नको. दुसऱ्या कपात साधं पाणी आणि अर्ध्या लिंबाचा रस. तिसऱ्यात या दोन्हींचं निम्मं-निम्मं मिश्रण.

आता पहिल्या कपातला एक घोट तोंडात फिरवून गिळा आणि जीभ टाळूवर, मग हिरड्यांवर घासा. गालांची आतली बाजू कोरडी पडलेली, जीभ खरखरीत झालेली जाणवेल. हा टॅनिनचा, म्हणजे चहात आणि द्राक्षाच्या सालीत असणाऱ्या द्रव्याचा, तुरटपणा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडून बसतं, त्यामुळे तोंडातला बुळबुळीतपणा जातो. पाणी प्या, जरा थांबा आणि दुसरा कप घ्या. आता उलट होईल: जबड्याच्या खालून, जिभेच्या दोन्ही कडांनी लाळ सुटेल. हा आंबटपणा. तुरट तोंड कोरडं करतं, आंबट तोंडाला पाणी आणतं. तिसऱ्या कपात दोन्ही एकदम होतात, आणि ते वेगवेगळे ओळखता येणं हेच या सरावाचं काम. मला स्वतःला ते दोन-तीनदा करावं लागलं; सुरुवातीला दोन्ही मिळून नुसतंच "कडक" वाटतं.

त्याच कोऱ्या चहात चमचाभर दूध घालून पुन्हा चाखलात तर तुरटपणा एकदम मवाळ होतो. दुधातली प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात, मग लाळेसाठी ते फारसं उरत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे जेवणाच्या वेळी उपयोगी पडेल.

कोणत्या दोन बाटल्या घ्यायच्या

आधी उच्चार, कारण दुकानात त्यावरून गोंधळ होतो. किआंतीचं रोमन स्पेलिंग "सी" आणि "एच" ने सुरू होतं, त्यामुळे अनेक जण "चियान्ती" म्हणतात. इटालियनमध्ये तो उच्चार "क" आहे. रिओहामध्ये "जे" आहे, म्हणून "रिओजा" ऐकू येईल. स्पॅनिश "जे" म्हणजे "ह". दुकानदार काहीही म्हणाला तरी बाटली तीच.

किआंती क्लासिको इटलीच्या टस्कनी प्रांतात, फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांमधल्या टेकड्यांवर होते. द्राक्ष सांजोवेझे, किमान ८० टक्के. इथे एक मोठा खड्डा आहे: नुसती "किआंती" आणि "किआंती क्लासिको" या दोन वेगळ्या वाईन आहेत. नुसती किआंती टस्कनीच्या बऱ्याच मोठ्या भागातून येते आणि तिचे नियम सैल आहेत. क्लासिको हा जुना गाभ्याचा प्रदेश; टस्कनीवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यातल्या तिसऱ्या कोसिमोने १७१६ साली फर्मान काढून आज क्लासिको म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागाची हद्द आखून दिली होती. ओळखायची खूण सोपी आहे: क्लासिकोच्या बाटलीवर काळा कोंबडा असतो. दुसऱ्या किआंतीवर तो नसतो.

या कोंबड्याची दंतकथा तिथे आवडीने सांगतात. फ्लॉरेन्स आणि सिएनाचं हद्दीवरून भांडण होतं. ठरलं असं की कोंबडा आरवला की दोन्ही शहरांतून एकेक घोडेस्वार निघेल आणि जिथे भेट होईल तिथे सीमा. सिएनाकरांनी पांढरा कोंबडा निवडला आणि त्याला पोटभर खाऊ घातलं. फ्लॉरेन्सकरांनी काळ्या कोंबड्याला उपाशी ठेवलं. तो भुकेने उजाडायच्या कितीतरी आधी आरवला, त्यांचा स्वार लवकर निघाला आणि सिएनापासून जेमतेम १२ किलोमीटरवर दुसऱ्याला भेटला. १९२४ साली स्थापन झालेल्या उत्पादक संघाने हाच कोंबडा खूण म्हणून घेतला.

रिओहा उत्तर स्पेनमध्ये, एब्रो नदीच्या खोऱ्यात. लोग्रोन्यो हे मुख्य शहर, आणि जुन्या वाईनघरांसाठी आरो हे गाव. उत्तरेला सिएरा दे कांताब्रिया ही डोंगररांग अटलांटिकवरून येणारा गार वारा आणि पाऊस अडवून धरते. मुख्य द्राक्ष टेम्प्रानियो. "तेम्प्रानो" म्हणजे लवकर. हे द्राक्ष बाकीच्यांच्या आधी पिकतं म्हणून हे नाव. त्याच्यासोबत गार्नाचा, ग्रासिआनो आणि मासुएलो ही द्राक्षं कमी-जास्त प्रमाणात मिसळतात.

आता निवड. तुलना बरोबरीच्या बाटल्यांची करा. किआंती क्लासिकोमधली साधी पातळी, जिला तिथे "आन्नाता" म्हणतात (लेबलवर वेगळा शब्द बहुधा नसतो, फक्त किआंती क्लासिको आणि साल), आणि रिओहामधली "क्रिआन्सा" (अशा शब्दांचे अर्थ पुढच्या भागात). साधी क्लासिको एका बाजूला आणि दहा वर्षं जुनी ग्रान रेसेर्वा दुसऱ्या बाजूला ठेवलीत तर तुलना वयाची होईल, शैलीची नाही. लेबलवरचं अल्कोहोलचं प्रमाणही बघून घ्या. दोन्ही बाटल्यांत अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त फरक नसेल तर उत्तम. १३ टक्क्यांची आणि १४.५ टक्क्यांची शेजारी ठेवली की दुसरी नुसत्या अल्कोहोलमुळे भरदार लागते आणि निष्कर्ष चुकतो.

आयात शुल्कामुळे या बाटल्या आपल्याकडे स्वस्त नाहीत, म्हणून चौघांनी वर्गणी काढणं शहाणपणाचं. परदेशातून कुणी येत असेल तर प्रत्येक प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या आरामात बसतात. दुकानातून घेताना बाटली कुठे ठेवली होती तेही पाहा. काचेच्या तावदानात, उन्हात उभी असलेली बाटली मी घेत नाही, मग ती कितीही सवलतीत असो. मी एकदा घेतली होती. उघडल्यावर शिजवलेल्या मनुक्यांसारखा वास आला आणि सगळी संध्याकाळ त्या वासापाशीच अडकली.

लेबलवरचे शब्द

रिओहाचं लेबल नवख्यासाठी सोपं आहे, कारण वाईन किती मुरली आहे हे त्यावर सरळ लिहिलेलं असतं. क्रिआन्सा म्हणजे एकूण किमान दोन वर्षं, त्यातलं किमान एक वर्ष ओक या झाडाच्या लाकडाच्या पिंपात. रेसेर्वा तीन वर्षं, त्यातलं किमान एक पिंपात. ग्रान रेसेर्वा पाच वर्षं, त्यात किमान दोन पिंपात आणि दोन बाटलीत. मागच्या बाजूला रिओहाच्या नियामक मंडळाची छोटी पट्टी असते तिचा रंगही मदत करतो: क्रिआन्साला लाल, रेसेर्वाला गडद वाईनचा रंग, ग्रान रेसेर्वाला निळा. हिरवी पट्टी म्हणजे मुरवण्याची अट नसलेली, सहसा तरुण वाईन.

किआंती क्लासिकोत साधी बाटली किमान १२ महिने, रिझेर्वा २४ महिने आणि ग्रान सेलेझिओने ३० महिने मुरवलेली असते. ही शेवटची पातळी नवी आहे, २०१४ साली आली, आणि तिच्यासाठी द्राक्षं स्वतःच्या बागेतली लागतात. एक शब्दसाम्य जपून: इटलीची "रिझेर्वा" आणि स्पेनची "रेसेर्वा" ऐकायला सारखी, पण नियम वेगळे.

पिंपांनी केलेला फरक

इथे जरा थांबते, कारण पेल्यात जो खोबऱ्याचा वास आला त्याची गोष्ट इथे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या द्राक्षबागा फिलॉक्सेरा नावाच्या, मुळांवर जगणाऱ्या बारीक किडीने उद्ध्वस्त केल्या. बोर्डोच्या व्यापाऱ्यांना वाईन हवी होती आणि पिरेनीज पर्वत ओलांडला की रिओहा होतं. मुर्रिएता आणि रिस्काल या दोन मार्केसांनी (स्पॅनिश सरदारांनी) त्याआधीच, १८५० च्या दशकात, बोर्डोची पद्धत रिओहात आणायला सुरुवात केली होती: २२५ लिटरच्या लहान ओक पिंपांत वाईन मुरवायची. मग आरोच्या रेल्वे स्टेशनभोवती वाईनघरं उभी राहिली, कारण तिथून पिंपं थेट गाडीत चढायची. १८७७ साली सुरू झालेलं लोपेझ दे एरेदिया त्याच वस्तीत आहे आणि आजही आपली पिंपं स्वतःच्या कारागिरांकडून बनवून घेतं.

पद्धत फ्रान्सची, पण लाकूड बहुतेकांनी अमेरिकेचं वापरलं. अमेरिकन ओकमध्ये लॅक्टोन नावाचे सुगंधी घटक फ्रेंच ओकपेक्षा बरेच जास्त असतात आणि त्यांचा वास चक्क खोबऱ्यासारखा येतो. जोडीला व्हॅनिला, आणि कधी कधी शेपू. होय, आपली शेपूची भाजी. परदेशी लेखक ज्याला "डिल" म्हणतात तो हाच वास. लहान पिंपात वाईनच्या मानाने लाकडाचा स्पर्श जास्त मिळतो, त्यामुळे हे वास वाईनमध्ये चांगले उतरतात, आणि फटींतून मुरणाऱ्या हवेने तुरटपणाची धार कमी होते.

किआंतीच्या टेकड्यांवर परंपरा वेगळी. तिथे हजारो लिटरची मोठी जुनी पिंपं, ओक क्रोएशियातल्या स्लाव्होनियाचा. एवढ्या मोठ्या आणि जुन्या पिंपातून लाकडाचा वास फारसा उतरत नाही. वाईन नुसती संथपणे मुरत राहते. म्हणून पेल्यात फळ, वाळलेली पानं, चहापत्ती असे द्राक्षाचे स्वतःचे वास पुढे येतात.

आता दोन्हीकडे अपवाद भरपूर आहेत. आजच्या रिओहात कित्येक जण फ्रेंच ओक वापरतात आणि टस्कनीत लहान पिंपं वापरणारेही बरेच आहेत. तुमच्या रिओहात खोबरं सापडलं नाही तर नाक खराब आहे असं समजू नका. पहिल्या तुलनेसाठी मात्र दुकानदाराला जुन्या वळणाची रिओहा मागा.

थंड करणं, उघडणं, ओतणं

"रेड वाईन रूम टेम्परेचरला प्यावी" हा सल्ला जिथे तयार झाला तिथली खोली म्हणजे युरोपातली दगडी भिंतींची खोली. पुण्यात मे महिन्यात खोलीचं तापमान ३५ असतं. त्या तापमानाला अल्कोहोल नाकात चढतं, फळ मरतं आणि चांगली वाईन औषधासारखी लागते. या दोन्ही वाईन १६ ते १८ अंशांना चांगल्या. बाटली खोलीत असेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि मधूनमधून हात लावून पाहा. आधीपासून फ्रिजमध्ये असेल तर थोडी आधी बाहेर काढा. बाटलीच्या पोटाला हात लावल्यावर माठातल्या पाण्यासारखा गारवा लागला की झालं. दोन्ही बाटल्या एकाच वेळी आत, एकाच वेळी बाहेर, हे विसरू नका. जास्त गार झालेली वाईन जास्त तुरट आणि जास्त आंबट लागते.

बूच काढल्यावर दोन्ही अर्धा तास तशाच राहू द्या. पेले सारख्या आकाराचे घ्या, वरून किंचित निमुळते. स्टीलचे नकोत, रंग दिसत नाही. प्रत्येक पेल्यात साधारण ६० मिलिलिटर. ७५० च्या बाटलीतून असे बारा पेले निघतात. मधोमध एक रिकामं पातेलं ठेवा. चाखणं म्हणजे गिळणं नाही. हे काम करणारे लोक तोंडात फिरवून थुंकतात आणि त्यात कमीपणा नाही. ज्याला परत गाडी चालवायची आहे त्याने थुंकायचंच.

तासभर आधी उदबत्ती, धूप, फोडणी बंद. केसांना सुवासिक तेल आणि मनगटावर अत्तरही नको.

बघणं आणि हुंगणं

पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरा. सांजोवेझेचा रंग माणकासारखा, आरपार दिसणारा. पेल्यामागे धरलेल्या छापील अक्षरांचा अंदाज येतो. या द्राक्षात रंगद्रव्य मुळात कमी आणि तेही लवकर बदलणारं, म्हणून कडेला नारिंगी छटा लवकर येते. तरुण टेम्प्रानियो थोडी गडद असते. पिंपात बरीच वर्षं काढलेल्या रिओहाची कडही विटकरी होते, त्यामुळे नुसत्या रंगावरून पैज लावू नका.

आता पेला न हलवता एकदा हुंगा, मग टेबलावर ठेवून गोल फिरवा आणि पुन्हा हुंगा. लांब श्वास नको, कुत्रं हुंगतं तसे तुटक तुटक श्वास घ्या.

किआंतीत "चेरी" शोधा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आपल्याकडे बेकरीच्या केकवर जी लाल चेरी म्हणून मिळते ती पुष्कळदा पाकात घोळवलेलं करवंद असतं, त्यामुळे ती आठवून उपयोग नाही. इथे अपेक्षित आहे आंबट चेरी. तिच्याऐवजी पिकून काळं झालेलं रानातलं करवंद किंवा आलुबुखार मनात आणा. मावशीचं उत्तर अगदी जवळचं होतं. त्याच्या मागे टोमॅटोच्या पानांचा वास येतो का पाहा. कुंडीत टोमॅटोचं रोप असेल तर एक पान बोटांत चुरगळून हुंगा आणि लगेच पेला हुंगा. मला हा वास पहिल्यांदा असाच कळला, आणि तेव्हापासून सांजोवेझेमध्ये तो शोधायची सवयच लागली. जोडीला कोरडी चहापत्ती, थोडी ओली माती.

रिओहात आधी लाकूड येतं: व्हॅनिला, सुकं खोबरं, शेपू, लवंग. मग पिकलेलं आलुबुखार आणि मऊ, जाम केल्यासारखी स्ट्रॉबेरी. महाबळेश्वरला जाणाऱ्यांना ती ओळखीची आहे. मुरलेल्या बाटलीत कोरी तंबाखू आणि नव्या कोल्हापुरी चपलेच्या चामड्याचा वास येतो. खोबऱ्याबद्दल शंका असेल तर सुक्या खोबऱ्याची वाटी जराशी किसून बशीत ठेवा आणि आलटून पालटून हुंगा.

घोट

चमचाभर वाईन तोंडात घ्या आणि चूळ भरल्यासारखी सगळीकडे फिरवा. गिळल्यावर किंवा थुंकल्यावर खरं काम सुरू होतं. दोन प्रश्न, तेही याच क्रमाने.

मान खाली घाला. लाळ किती सुटते? किआंतीनंतर ती सुटतच राहते, दहा-पंधरा सेकंद. सांजोवेझे उशिरा पिकतं, तिथल्या बागा उंचावर आहेत, काही थेट ६०० मीटरच्या आसपास, आणि रात्री गार असतात. द्राक्षातलं आम्ल टिकून राहतं. टेम्प्रानियोत आम्ल मुळातच बेताचं. रिओहानंतर तोंडाला पाणी सुटतं, पण लवकर थांबतं.

मग जीभ टाळूला घासा. कोरडेपणा कुठे आहे आणि कसा आहे? किआंतीचा तुरटपणा बारीक आणि टोकदार, जिभेच्या मध्यावर आणि वरच्या हिरडीवर. बारीक काचकागद घासल्यासारखा. क्रिआन्साचा गालांवर पसरतो आणि मऊ असतो, भिजवलेल्या सुपारीसारखा. टेम्प्रानियोतही टॅनिन भरपूर असतं, फक्त पिंपाने त्याचे कोपरे घासून काढलेले असतात.

हे कागदावर लिहून ठेवा, पण चार शब्दांतच. आंबट, तुरट, वास, वजन. प्रत्येकापुढे आपल्या मनातली वस्तू लिहा: कैरी, कोकम, खारीक, काहीही. दुसऱ्याचा कागद आधी बघू नका.

तीन पेल्यांची परीक्षा

पाऊण तासाने, दोन्हींची ओळख झाल्यावर, डोळ्यांवर रुमाल बांधा. एकाने तीन पेले भरायचे: दोन पेल्यांत एकच वाईन, तिसऱ्यात दुसरी. बांधलेल्याने वेगळा पेला ओळखायचा. दोन पेल्यांतला फरक आपल्याला ठाऊक आहे म्हणूनही जाणवतो. तीन पेल्यांत तसं होत नाही. नुसत्या अंदाजाने तिनातलं एकच उत्तर बरोबर येतं, म्हणून प्रत्येकाने चारदा तरी करा.

माझा अनुभव असा की वासावर भिस्त ठेवणारे इथे चुकतात, लाळेवर लक्ष ठेवणारे चुकत नाहीत. वास अर्ध्या तासात बदलतो, नाक थकतं. आंबटपणा शेवटच्या थेंबापर्यंत तिथेच असतो.

जेवण

टस्कनीत किआंतीसोबत टोमॅटो आणि शिळ्या पावाची खिमट, पेकोरिनो चीज किंवा निखाऱ्यावर भाजलेलं गोमांस खातात. टोमॅटो आंबट, वाईनही आंबट, म्हणून जमतं. जेवण वाईनपेक्षा जास्त आंबट असेल तर वाईन पाणचट लागते, हा यातला एकमेव पक्का नियम. आपल्या टोमॅटोच्या सारापुढे किंवा टोमॅटो-कांद्याच्या मसाल्यातल्या पनीरपुढे किआंती तग धरते. रिओहा तिथे सपाट पडते.

रिओहात छाटणीतून निघालेल्या द्राक्षाच्या काड्या पेटवून त्यावर कोकराच्या बरगड्या भाजतात. ते वाचल्यावर मी सुकं मटण करून पाहिलं, भाजलेलं खोबरं आणि कांद्याचं वाटण घालून, तिखट अगदी बेताचं. खोबऱ्याला खोबरं भेटलं. गोडा मसाला आणि दाण्याचं कूट घातलेली भरली वांगीही तितकीच छान लागतात. दोन्ही जेवणांत वर सांगितलेली चहातल्या दुधाची गोष्ट चालते: मांसातली आणि पनीरमधली प्रथिनं टॅनिन पकडतात आणि वाईन मऊ होते.

तांबडा रस्सा नको. मिरचीची आग अल्कोहोलने भडकते आणि मग दोन्ही वाईन सारख्याच कडवट लागतात. सुरमई, बांगडाही नको; रेड वाईनमधलं लोह आणि मासळीचं तेल मिळून तोंडात हिवस चव रेंगाळते.

घरची सांजोवेझे, घरचं टेम्प्रानियो

ही तुलना एकदा झाली की आपल्याकडच्या बाटल्यांकडे वळा. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळच्या फ्रातेल्ली या वाईन कंपनीच्या बागांमध्ये सांजोवेझे लावलेली आहे. वाईन करणारे पिएरो मासी मूळचे टस्कनीचे. तिथली "सेत्ते" ही कॅबर्ने सोव्हिन्यों आणि सांजोवेझेचं मिश्रण आहे. नाशिकच्या बाजूला दिंडोरी तालुक्यात चारोसा या वाईन कंपनीने टेम्प्रानियो केली.

त्यांच्याकडून टस्कनीची किंवा रिओहाची नक्कल मागू नका. टस्कनीत द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, थंडीकडे झुकणाऱ्या दिवसांत तोडतात. आपल्याकडे पावसाळा सरता सरता छाटणी, आणि तोड जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, उन्हं वाढत असताना. वर्षाचा क्रमच उलटा, मग द्राक्षात आम्ल, साखर आणि साल पिकण्याचा मेळ वेगळा बसणारच. तेच दोन प्रश्न विचारा: लाळ किती वेळ सुटते, जीभ कुठे कोरडी पडते. उत्तर किआंतीच्या कागदाशेजारी लिहा.

दुसरा दिवस

दोन्ही बाटल्यांत थोडी थोडी वाईन मुद्दाम उरवा. बूच घट्ट बसवा आणि फ्रिजमध्ये उभ्या ठेवा. तीन दिवस ठीक राहतात. दुसऱ्या संध्याकाळी वीस मिनिटं बाहेर ठेवून पुन्हा चाखा. तरुण किआंती हवा लागल्यावर कित्येकदा आदल्या दिवसापेक्षा खुललेली असते, करवंद जास्त स्पष्ट येतं. क्रिआन्साचं फळ तोवर थोडं मागे गेलेलं आणि लाकूड पुढे आलेलं असतं. ज्यांना पहिल्या दिवशी रिओहा आवडली त्यातले काही जण दुसऱ्या दिवशी मत बदलतात. आमच्याकडे मावशीने बदललं नाही. तिने खोबऱ्याच्याच पेल्याकडे बोट दाखवलं आणि किआंतीतली उरलेली वाईन मी रात्री टोमॅटोच्या रश्श्यात घातली.